इंटर्नशिपमधली थापड

कानाचा निरोगी पडदा मोत्यासारखा दिसतो, असं आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. राखाडी, किंचित पारदर्शक, आणि ऑटोस्कोपचा, म्हणजे कानात पाहायच्या दुर्बिणीचा, उजेड पडला की खालच्या बाजूला चमकणारा एक त्रिकोण. वर्गातल्या आम्ही मुली एकमेकींच्या कानात पाहून पाहून तो त्रिकोण शोधायला शिकलो. फाटलेला पडदा फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिला होता. खरा पाहिला तो इंटर्नशिपच्या वर्षी, कामठीहून आलेल्या एका बाईच्या कानात.

मी उमरेडची. बारावीनंतर मेडिकलला नंबर लागला नाही, म्हणून वाचा आणि श्रवण या विषयाच्या चार वर्षांच्या डिग्रीला नागपुरात आले. शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. ती संपली की दिल्लीच्या परिषदेकडे नोंदणी करायची आणि तिकडून नंबर आला की मगच स्वतःच्या नावाने तपासायचं, कानाचं मशीन लावायचं, रिपोर्टवर सही करायची. तोवर मी तपासायचे आणि सही मॅडम करायच्या. त्यांचं क्लिनिक शहरात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. मॅडम पन्नाशी ओलांडलेल्या, अंगाने लहानखुऱ्या, बोलायला कडक. मशीन बसवण्यासाठी कानाचा साचा घेताना माझा हात जरा जरी हलला तरी माझ्या मनगटावर टिचकी मारायच्या.

ती बाई आली ती नवऱ्याच्या मागे. नवरा चाळिशीचा, धिप्पाड, कामठीला त्याचे कापडाचे पॉवरलूम होते. खुर्चीवर बसायच्या आधीच तो मोठ्याने म्हणाला, "हिले ऐकू येत नाही मॅडम. काही विचारलं का उत्तर देत नाही. नुसती पाहत राहते. मशीन लावून टाका हिले."

बाई डोक्यावरचा पदर धरून उभी होती. मी तिला बसवलं आणि नेहमीचे प्रश्न विचारायला लागले. कान वाहतो का, दुखतो का, आवाज येतो का. ती हळू बोलायची, पण स्पष्ट. "डावा दुखून राहिला आठवड्यापासून. आतमधे शिट्टीसारखं वाजते."

"पाहा!" नवरा म्हणाला. "काही बोलली का ते? विचारून राहिल्या तुम्ही, अन हे गप्प."

मी मॅडमकडे पाहिलं. मॅडम टेबलाच्या पलीकडे होत्या, माझ्यापेक्षाही लांब, आणि त्यांनाही बाईचं वाक्य अख्खं ऐकू आलं होतं. तो तिच्या अगदी बाजूला बसला होता. त्याला आलं नव्हतं.

मॅडम चेहऱ्यावर काही न दाखवता म्हणाल्या, "कानात बघ तिच्या."

मी ऑटोस्कोप लावला. डाव्या पडद्याला भोक होतं. गोल किंवा गुळगुळीत नाही; कागद बोटाने फाडल्यावर राहतात तशा कडा, आणि कडेला सुकलेलं काळपट रक्त. उजवा पडदा बंद होता, पण त्यावर एक पातळ, सुरकुतलेला डाग होता. तिथेही कधीतरी फाटून पुन्हा भरून आलं होतं. जंतूंमुळे फाटलेला पडदा असा दिसत नाही, हे मला शिकवलेलं होतं. मी बाजूला झाले आणि मॅडमनी पाहिलं. त्या जरा जास्तच वेळ पाहत राहिल्या.

"कशानं झालं हे?" त्यांनी विचारलं.

"पडली मी न्हाणीत," बाई म्हणाली. नवऱ्याकडे न पाहता म्हणाली.

ऐकण्याची चाचणी आम्ही एका बंद खोलीत घेतो. तिला बूथ म्हणतात. माणूस आत बसतो, कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं, बाहेर आमच्या टेबलावर लाल दिवा लागतो. मी बाहेरून माइकमध्ये बोलले की आत ऐकू जातं, आणि आतल्या माणसाचं बोलणं बाहेरच्या छोट्या स्पीकरवर येतं. शब्दांची चाचणी घेताना आम्ही तोंडासमोर पुठ्ठा धरतो, म्हणजे काचेतून ओठ पाहून कोणी उत्तर देऊ नये.

मी बाईला आत बसवलं. नवरा आमच्या खोलीतच, माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला. चाचणी अर्ध्यावर आल्यावर मॅडम माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "विचार तिला. त्याला ऐकू जात नाही."

मी पुठ्ठा तोंडासमोर धरला. माइकमध्ये हळू म्हटलं, "ताई, तुम्हाला कोणी मारलं का? हो असेल तर बटण दाबा."

शेजारी तो माणूस मोबाइलवर काहीतरी पाहत होता. काचेपलीकडे बाई खाली मान घालून बसली होती. मग दिवा लागला. लागून विझला नाही. तिने बटण दाबूनच ठेवलं होतं.

"आलं ऐकू तिले?" त्याने दिव्याकडे पाहून विचारलं.

"आलं," मॅडम मोठ्याने म्हणाल्या. "आता तुम्ही बसा आत."

"मी काहून?"

"घरातल्या दुसऱ्या माणसाचीही करतो आम्ही. फुकट आहे."

तो हसत आत गेला आणि बाहेर आला तेव्हा हसत नव्हता. त्याचा आलेख मी काढला. जाड आवाज बऱ्यापैकी ठीक, आणि बारीक आवाजांकडे गेलं की रेघ एकदम खाली कोसळलेली, दोन्ही कानांची. वर्षानुवर्षं पॉवरलूमच्या खडखडाटात उभं राहिलेल्या माणसाचा आलेख असाच येतो. बायकामुलांचा बारीक आवाज त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता. बायको उत्तर देत होती. त्याला ते कळत नव्हतं, आणि तो मारत होता.

मॅडमनी त्याला सांगितलं तसा तो उठला आणि टेबलावर हात आपटला. पेनस्टँड खाली पडला. "मले बहिरा म्हणून राहिल्या? मी आणलं हिले!" मॅडम जागच्या हलल्या नाहीत. "फोनवर व्यापारी बोलतो ते नीट कळतं का तुम्हाला?" एवढंच त्यांनी विचारलं. त्याने खिशातला फोन काढून पाहिला. मग बसला. त्याच आठवड्यात तो दोन्ही कानांसाठी मशीन घेऊन गेला. बाईला मॅडमनी सरकारी दवाखान्यातल्या कानाच्या डॉक्टरकडे पाठवलं, कानात पाणी जाऊ देऊ नको म्हणून बजावलं, आणि तो मशीन बघण्यात गुंतला होता तेव्हा तिला विचारलं, पोलिसात जायचं का. तिने मान हलवली. नाही.

मी त्या दिवशी खूश होते. बसस्टँडकडे निघताना खाली मॅडमना म्हणाले, "आता त्याला ऐकू येईल. आता नाही मारणार."

मॅडम स्कूटीला किल्ली लावता लावता थांबल्या. "अगं, कापडाचा व्यापारी बोलतो तेही त्याला ऐकू येत नव्हतं. त्याला मारतो का तो?"

त्या पुढे म्हणाल्या, "फॉलोअपला दोघांनीच यायचं असं सांगितलंय मी त्याला. ती नाही आली तर मशीनची सेटिंग करणार नाही, असं."

काही आठवडे गेले. दोघं आली ती सकाळची वेळ होती. बाहेरच्या खोलीत पेशंट बसले होते, त्यात कामठीचे एक निवृत्त फौजी काका होते. तोफखान्यात होते, दोन्ही कान गेलेले, पण अजून ताठ बसायचे. नवऱ्याची तक्रार होती की उजवं मशीन शिट्टी मारतं. बाकी तो मशीनवर खूश होता. "सगळं ऐकू येते आता," तो म्हणाला. "भिंतीपलीकडलं सुद्धा."

बाईचा खालचा ओठ सुजलेला होता. पदर गालावर ओढून घेतला होता, तरी गालाचा हाडाजवळचा भाग हिरवट दिसत होता. चालताना ती एक हात बरगडीला धरून होती.

मॅडमनी त्याचं मशीन तपासलं, साचा नीट बसवून दिला आणि त्याला म्हणाल्या, "तुमचं झालं. बाहेर बसा. हिचा कान पाहायचा आहे." तो बाहेर गेला. मी दार लोटलं. त्या दाराचं लाकूड फुगलेलं होतं, ते कधी पूर्ण बसायचं नाही. बाईला बूथमध्ये बसवलं आणि मी काही विचारायच्या आतच ती बोलायला लागली. आतून, माइकवर, सरळ बोलली. पहिल्या दिवशीचा हळू आवाज नव्हता तो.

"बाई, ते मशीन काढून घ्या त्याचं. आधी ऐकत नव्हता तं उत्तर दिलं नाही म्हणून मारे. आता सगळं ऐकते. सैपाकघरात मी बहिणीशी फोनवर बोलली, तेही ऐकलं. लाटण्यानं मारलं मले. बरगडीत मारलं. तोंडातल्या तोंडात काही म्हटलं तं तेही ऐकते अन—"

दार भिंतीवर आदळलं.

स्पीकरचा आवाज बाहेर गेला होता. आधीच्या त्याच्या कानांपर्यंत तो गेला नसता. आता गेला. तो माझ्या अंगावरून बूथपाशी गेला, जड दार ओढून उघडलं आणि बायकोला केसांना धरून बाहेर काढलं. हेडफोनची वायर तिच्या गळ्याभोवती आवळली, मग तुटली. त्याने तिचं डोकं बूथच्या चौकटीवर आपटलं. एकदा, पुन्हा. तो आवाज मला अजून आठवतो. लाकडावर नारळ आपटावा तसा, पण ओला. "मशीन काढून घ्या? मशीन काढून घ्या म्हणते? बोल आता! बोल नं!" ती दोन्ही हातांनी कान झाकत होती. डोकं फुटत होतं आणि ती कान झाकत होती.

मी मध्ये गेले. कशी गेले ते सांगता येत नाही. त्याच्या दंडाला लोंबकळले, त्याच्या मनगटाला चावले. मीठ लागलं तोंडाला. त्याने मला झटकलं आणि वळून उघड्या तळव्याने माझ्या डाव्या कानावर मारलं.

दुखलं ते नंतर. आधी डोक्यात फटाका फुटल्यासारखं झालं, आणि मग खोली अर्धी झाली. एका बाजूला सगळे आवाज होते, दुसऱ्या बाजूला फक्त एक लांब, बारीक सूर. मी खाली बसले. फरशी तिरपी झाली होती. कानातून काहीतरी कोमट मानेवर ओघळलं. खालून मला मॅडम दिसल्या. त्यांनी लोखंडी स्टूल दोन्ही हातांनी उचललं होतं आणि त्याच्या पाठीत घातलं. तो वाकला. पुन्हा घातलं. मॅडम काही ओरडत नव्हत्या, दात आवळून मारत होत्या. तो त्यांच्याकडे वळला, तेवढ्यात मागून फौजी काकांनी त्याच्या गळ्याभोवती हात टाकला आणि त्याला पोटावर पाडलं. त्याच्या पाठीवर गुडघा देऊन ते बसून राहिले. दवाखान्यातली माणसं वर धावत आली, पोलिस आले, तोवर ते हलले नाहीत.

बाईच्या कपाळाला टाके पडले. दोन बरगड्यांना तडा गेला होता. पोलिसांनी विचारलं तेव्हा मला वाटलं, ही पुन्हा न्हाणीत पडली म्हणेल. ती म्हणाली, "नवऱ्यानं मारलं. लग्न झाल्यापासून मारते. सगळं लिहून घ्या." नागपुरातच मनीषनगरला राहणारी तिची बहीण आली आणि दवाखान्यातून तिला थेट आपल्या घरी घेऊन गेली. बाईची मुलगी शाळेत होती, तिलाही बहिणीच्या नवऱ्याने तिकडेच आणलं. कामठीला ती परत गेली नाही.

माझ्या कानात मॅडमनी स्वतः पाहिलं. मी विचारलं, "कसा दिसतो?" त्या अजून पाहत होत्या. मीच म्हटलं, "कडा फाटलेल्या आहेत न?" त्यांनी ऑटोस्कोप खाली ठेवला आणि माझं डोकं छातीशी धरलं. इतक्या महिन्यांत त्यांनी माझ्या पाठीवरून साधा हातही कधी फिरवला नव्हता. मग मला त्याच बूथमध्ये बसवलं, नवा हेडफोन लावला आणि चाचणी घेतली. मी बटण दाबत होते आणि कोणता आवाज खरा, कोणता माझ्या कानातला, हे मला कळत नव्हतं.

पडदा भरून आला. डॉक्टर म्हणाले होते तसा, ऑपरेशनशिवाय. पण वरच्या पट्टीतलं थोडं ऐकणं गेलं ते गेलं, आणि तो सूर राहिला. अजून आहे. आईने घरी बोलावून घेतलं होतं. "सोडून दे वं हे काम," ती रोज म्हणायची. "बँकेची परीक्षा दे. कोणाच्या कानात काय पाहायचं आहे तुले?" मलाही झोपेत ते दार आदळायचं. बसमध्ये मागच्या सीटवरच्या माणसाने हात वर केला तरी माझी मान आपोआप आत जायची. तरी मी परत गेले. धैर्य वगैरे नव्हतं ते. इंटर्नशिपचे थोडे महिने उरले होते आणि ती अर्धवट सोडली असती तर चार वर्षं पाण्यात गेली असती. आणि खरं सांगायचं तर मला त्याचा राग आला होता. माझं काम त्याच्या थापडेने संपावं, हे मला सहन होत नव्हतं.

शेवटच्या प्रात्यक्षिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला मशीनचा आवाज ऐकून दोष ओळखायला लावलं. मी मशीन ऐकायची नळी उजव्या कानाला लावली. "डाव्या कानाला का नाही?" त्यांनी विचारलं. "डाव्यात माझा स्वतःचा आवाज आहे, सर," मी म्हटलं. त्यांनी पुढचं मशीन माझ्यासमोर ठेवलं. मी पास झाले. पुढे नोंदणीचा नंबरही आला.

कोर्टात तारखा पडत राहिल्या. माझी साक्ष झाली तेव्हा त्याच्या वकिलाने पहिला प्रश्न विचारला, "घटनेच्या दिवशी आपण नोंदणीकृत होता का?"

"नाही."

"म्हणजे कानाबद्दल मत देण्याचा आपल्याला अधिकार नव्हता."

"मत नाही देत मी. तो माझाच कान होता."

मागे कोणीतरी हसलं. मी हसले नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात तो उभा होता. मशीन लावली होती त्याने, आम्हीच दिलेली, आणि माझा शब्द न् शब्द ऐकत होता. बाईने साक्ष दिली तेव्हा ती त्याच्याकडे वळून बोलली. न्यायाधीशांनी दोनदा सांगितलं, इकडे पाहून बोला. ती पुन्हा तिकडेच वळायची.

त्याला शिक्षा झाली. मग अपील, मग जामीन. बाई मनीषनगरला बहिणीच्या घरामागे खोली घेऊन राहते, एका मेसमध्ये स्वयंपाक करते. डाव्या कानाचं ऑपरेशन झालं. अर्धवट ऐकू येतं. मुलगी कॉलेजला गेली.

मी आता स्वतंत्र बसते, उमरेड रोडला. खाणीत काम केलेली माणसं येतात, लूमवरची येतात, म्हातारे येतात. गेल्या वर्षी एका दुपारी बाहेर पेशंट बसलेले असताना तो दारात आला. बोर्डावर माझं नाव होतं, पण कोर्टात ऐकलेलं ते नाव एवढ्या वर्षांनी त्याला आठवलं नसावं. केस पिकले होते. दोन्ही मशीन त्याने रुमालात बांधून आणली होती, बंद पडलेली.

"ओल गेली वाटते आतमधे. पाहून देता काय?" तो म्हणाला. मोठ्याने, बहिरी माणसं बोलतात तसं.

त्याने मला ओळखलं नाही. मी ती मशीन हातात घेतली. ती कॉम्प्युटरला जोडली की कोणता आवाज किती मोठा करायचा ते माझ्या बोटावर असतं. उरलेले कानही जातील इतका मोठा करता येतो. मला ते सुचलं. सुचलं एवढंच नाही, मी केबल हातात घेतली होती. माझा डावा कान तेव्हा इतका वाजत होता की बाहेरच्या पंख्याचा आवाज ऐकू येत नव्हता.

मी केबल खाली ठेवली आणि म्हटलं, "मी नाही पाहणार. दुसरीकडे जा."

"काय?"

"दुसरीकडे जा म्हटलं."

"ऐकू नाही येत. जोरात बोला नं."

मग मी जोरात बोलले. "तुम्ही माझ्या कानाचा पडदा फाडला होता! मॅडमच्या क्लिनिकमध्ये! बायकोचं डोकं चौकटीवर आपटलं होतं! मी तुमचं मशीन पाहणार नाही!"

बाहेरचं बोलणं थांबलं. सगळे पाहत होते. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग कानाकडे, आणि त्याला समजलं. त्याचा हात वर आला. माझी मान आत गेली. पण तो हात रुमाल उचलायला आला होता. मशीन रुमालात नीट राहत नव्हती. मी मदत केली नाही. दुसऱ्या एका केंद्राचा पत्ता मी कागदावर लिहून टेबलावर सरकवला. ज्याला ऐकू येत नाही त्याला तिथवर पोचवणं माझ्या कामात बसतं, त्याच्या पुढचं नाही. तो कागद घेऊन गेला.

मी बाथरूममध्ये जाऊन उलटी केली, चूळ भरली, चेहरा धुतला. बाहेर आले तेव्हा पहिल्या बाकावरची म्हातारी मला जवळ बोलावून म्हणाली, "लय लागलं होतं काय वं पोरी?"

"हो," मी म्हटलं. "या आत. कोणत्या कानानं कमी येतं?"